वीटभट्टी थांबवायला मी कंधारमार्गे गेलो

हे लिहायचं मी पाच दिवस टाळलं. आधी मोबाईल बिघडला म्हटलं, मग डोकं दुखतंय म्हटलं. खरं कारण पुढं येईलच, तेव्हा शिव्या द्या.

नांदेडहून थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन आला. "कॉलनीमागं वीटभट्टी रचून राहिलेत. सोमवारी पेटवणार. सासूबाईंचा दमा लई वाढलाय. आठ दिवस थांबा म्हण त्यांना, तोवर सासूबाईंची कुठं सोय बघते. रविवारी पोच."

रविवारी सकाळी लातूरहून एसटी धरली. अहमदपूरला गरम भजी खाल्ली, तुम्हीही खा. लोह्याला गाडी थांबली, तर शेजारी कंधारची बस उभी! तिथला किल्ला पाहिला नव्हता, चढलो. खंदक बघता बघता अंधारलं नि मुक्काम पडला. किल्ल्याला अख्खा दिवस ठेवा, पण कुणी वाट बघत असेल तर जाऊ नका.

सोमवारी नांदेड. थंडीत भट्ट्यांचा धूर वर जात नाही, शहरावर गोधडीसारखा पडून राहतो. रिक्षावाला खोकत म्हणाला, "हवा खायला आलात व्हय? चावून खा."

भट्टीवर पूजा मांडलेली. मालक धावतच आले.

"या पाव्हणं! कुठले?"

"लातूरचा. भट्टीबद्दल जरा..."

"बोलू की! आधी नारळ फोडा. पाव्हण्याच्या हातानं पेटली की वीट चांगली भाजती."

"पण अक्काच्या सासूबाईंना धुराचा त्रास..."

"आमाला बी होतो. आमी हितंच होतो, शहरच चालत आलं."

कपाळाला कुंकू लागलं, डोक्यावर टोपी आली. नाही म्हणायची मला सवय नाही. पेटता पलिता हातात कधी आला नि भट्टीच्या तोंडात कधी गेला, कळलंच नाही. टाळ्या पडल्या. पेढा खाता खाता विचारलं, "आता आठ दिवस थांबता येईल?"

मालक हसता हसता खोकले. "आता पंधरा-वीस दिवस विझत न्हाई, पाव्हणं."

अक्कानं गच्चीवरून सगळं पाहिलं होतं. तिनं जेवायला वाढलं. सासूबाई खिडकीच्या फटींत ओली फडकी कोंबत होत्या. त्यांच्या छातीतली शिट्टी मला घासागणिक ऐकू येत होती. दुपारच्या गाडीनं परतलो, वाटेत कुठंही न उतरता.

आता किल्ल्याचे फोटो उघडले तरी तीच शिट्टी ऐकू येते. आमच्या घराच्या विटा भाजताना कुणी खिडक्या लावून बसलं होतं का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

इथवर लिहिलं नि दार वाजलं. दारात अक्काच्या सासूबाई! एकट्या, वाफेचं मशीन काखेत. सुनेच्या माहेरी राहणार नाही म्हणून इतकी वर्षं अडून बसलेल्या. धाप आवरत म्हणाल्या, "पेटवलीस तू ना? मग ती विझेपर्यंत तुझी खोली माझी. उचल पिशवी."