तो प्यायलेला नव्हता

माझा मोठा भाऊ आयुष्यात कधी दारू प्यायला नाही. एका रविवारी संध्याकाळी चर्चच्या मैदानावर हे मी मोठ्याने सांगायला हवं होतं. मी नेमकं उलट बोललो, आणि गावाने ते खरं धरलं.

एकाहत्तरच्या लढाईनंतर दादा फौज सोडून घरी आला. अंगावर ओरखडा नव्हता. आईने क्रूसापुढे मेणबत्त्या लावल्या, शेजारणी येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. मग हळूहळू कळायला लागलं. कुठे लग्नाचे फटाके वाजले की दादा केळीच्या बागेत, विहिरीमागे जाऊन बसायचा. पंपाचा पट्टा तुटून फटकन आवाज झाला तर जमिनीवर आडवा व्हायचा. मग उठून कपडे झटकायचा आणि आमच्याकडे न बघता कामाला लागायचा. आई म्हणायची, "थकलाय तो." आम्हीही तेच म्हणायचो. वेड हा शब्द घरात काढायचा नाही असं काही ठरलं नव्हतं, पण कुणी काढला नाही.

त्याचं लग्न जमलं. मुलगी आमच्याच धर्मग्रामातली, म्हणजे आमच्याच चर्चची, पलीकडच्या आळीची. तिचा बाप दारूने गेलेला. तिची आई बोलणी करायला आली तेव्हा तिने मानपान विचारला नाही, बागेत केळी किती ते विचारलं नाही.

"पितो का?" एवढंच.

"नाताळात वाइनसुद्धा घेत नाही," आई म्हणाली.

"मग मला दुसरं काही बघायचं नाही."

मी तिथेच बसून चहा पीत होतो. ही अट मला माहीत नव्हती असं मी कधीच म्हणू शकत नाही.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वधूवरांची नावं वाचतात. कुणाची हरकत असेल तर कळवा, असं फादर सांगतात. पहिल्या रविवारी दादाचं आणि तिचं नाव वाचलं गेलं. दादा मान खाली घालून बसला होता, कान लालबुंद.

त्याच दिवशी अंधार पडल्यावर मैदानावर पिक्चर होता. आम्हा पोरांच्या मंडळाने आणलेला, हिंदी, लढाई संपल्यावर घरी परतणाऱ्या एका सैनिकाचा. निवड माझी. कॉलेजातल्या मित्रांना मी मुद्दाम बोलावलं होतं. माझा भाऊ खराखुरा फौजी आहे, हे त्यांना दाखवायचं होतं.

दादा यायला तयार नव्हता. "मला काय बघायचंय त्यात? मी तिथेच होतो."

"अरे, सगळे तुलाच विचारतायत. आणि ती येणारय. आईबरोबर."

तो हसला. "हे आधी नाही सांगायचं, गाढवा?" आणि शर्ट बदलून आला.

मैदानात दोन बांबूंमध्ये पडदा ताणलेला. उशिरा येणारे पडद्यामागे बसायचे, तिथूनही चित्र दिसायचं. दादा थेट मागे निघाला.

"तिथून सगळं उलटं दिसतं," मी म्हणालो. "फौजी डाव्या हाताने सलाम ठोकेल."

"ठोकू दे. तिथे मोकळं असतं."

मी त्याला दंडाला धरून पुढे आणलं. माझे मित्र पुढे बसले होते. कर्णाही पुढेच होता.

पिक्चरमधला सैनिक गाडीतून उतरला, घरी आला, आईने त्याला भरवलं. आमच्या बायका डोळे पुसत होत्या. मग तो झोपला आणि त्याला स्वप्नात लढाई दिसायला लागली. कर्ण्यातून पहिला धमाका झाला तसा दादा उठला. समोर दोन लहान मुलं बसली होती. त्याने दोघांना ओढून जमिनीवर पाडलं आणि वरून स्वतः पालथा पडला. "खाली! मान खाली!" असं ओरडत राहिला.

मुलं किंचाळली. त्यांची आई धावली. "अरे सोड मेल्या, चेंगरतील माझी पोरं!" कुणीतरी शिटी मारली. मागून आवाज आला, "खरा पिक्चर इकडे चाललाय!" मैदान हसलं. माझा एक मित्र माझ्याकडे वळला. "हाच काय रे तुझा फौजी? येडा झालाय काय?"

मीही हसलो. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "येडा नाही रे, प्यायलाय. दुपारपासून लावलीय."

बायकांची बाजू आणि आमची बाजू यांच्यात एक दोरी होती फक्त. तिची आई उठून उभी राहिली. मुलीचा हात धरून ती निघून गेली.

मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो की दादाला वाचवण्यासाठी मी तसं बोललो. प्यायलेल्या माणसाची सकाळी उतरते, वेडा म्हटलं की घराला डाग लागतो, वगैरे. हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी मला त्याची लाज वाटली होती, बाकी काही नाही.

मंगळवारी मुलीची आई, ती बाई, घरी आली. माझी आई शपथा घेत होती. बाई शांतपणे म्हणाली, "तुमच्या धाकट्यानेच सांगितलं. घरचा माणूस खोटं कशाला बोलेल?" मी आतल्या खोलीत होतो. दार उघडंच होतं. मला बाहेर येता आलं असतं.

शनिवारी मी पापनिवेदनाला गेलो. जाळीपलीकडच्या फादरांना म्हणालो, "मी खोटं बोललो." कुणाबद्दल ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. प्रायश्चित्त म्हणून सांगितलेल्या नमो मारियाच्या प्रार्थना म्हणून मी घरी आलो, आणि दुसऱ्या रविवारी बाकीच्यांची नावं वाचली गेली, दादाचं नाही. दादा शेवटच्या नावापर्यंत मान वर करून ऐकत होता.

ती मुलगी पुढल्या वर्षी मुंबईत दिली. दादासाठी नंतर दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडून "पितो ना तो?" असंच आलं. विहिरीचं पाणी खारट झालं तसा तो बाग सोडून सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला. यंत्रांचा आवाज नको म्हणून कारखान्यात गेला नाही, गोदामावर राहिला.

माझी मुलं शाळेत जायला लागली तेव्हा कुठे मला धीर झाला. दादा कामावरून येऊन पाय धूत होता.

"दादा, त्या दिवशी मैदानात मी..."

"माहितेय. माझ्या डोक्याजवळच बोललास. कान शाबूत आहेत माझे."

"मग तू खोडून का नाही काढलंस?"

"काय सांगू? प्यायलो नाही, डोकं फिरलंय?" त्याने दुसऱ्या पायावर पाणी ओतलं. "मला सांगून काय उपयोग? तिच्या आईला सांग. आहे अजून म्हातारी."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. ती ओसरीत वाल सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"माझी मुलगी घरी येताना वाटेतच म्हणाली होती," ती म्हणाली. "आई, तो प्यायलेला नाही गं, पोरांना वाचवत होता. किती रडली. मी म्हटलं, तुला तुझ्या बापासारखाच हवाय काय?" तिने सालं बाजूला सारली. मग म्हणाली, "आता जा. आणि तिच्या कानावर यातलं काही घालू नकोस. संसार आहे तिचा."

घरी आलो तर दादा पायरीवर बसलेला. त्या दिवशी तो कामावर गेला नव्हता.

"भेटली?"

"नाही," मी म्हणालो. "घरी नव्हती."

"बरं. परत जाशील ना?"

"जाईन."

त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याला त्रास नको म्हणून मी खोटं बोललो, असं याही वेळी मनाशी म्हणून पाहिलं. खरं म्हणजे ती मुलगी लग्नाला तयार होती, हे त्याला सांगताना त्याच्या तोंडाकडे बघण्याची हिंमत माझ्यात नव्हती. हसणाऱ्या त्या मैदानात एका माणसाला तो काय करतोय ते दिसलं होतं, हे त्याला अजून ठाऊक नाही.

काल मिस्सा झाल्यावर हे लिहिलेले कागद खिशात घालून मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो म्हणाला, "काय रे, काय म्हणतोस?"

मी म्हणालो, "काही नाही."