आकारामच्या म्हशी आणि गाड्यांची मोजणी

गंगावेशीजवळच्या एका चौकात आकाराम रोज सांजेला दोन म्हशी उभ्या करी आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दुधाचा पेला त्याच्या हाती देई. दुधात पाणी नाही, अशी ग्वाही त्याने कधी दिली नाही. संशयाला जागाच न ठेवणे हीच त्याची व्यापारनीती होती. वीस वर्षे तो कोपरा त्याचा मानला जाई. कागद मात्र एकही नव्हता.

२००७ च्या सुमारास शहरातले काही रस्ते खासगी कंपनीने स्वतःच्या पैशाने बांधावेत आणि पुढे टोल घेऊन खर्च भरून काढावा, असे ठरू लागले. कोणता रस्ता किती रुंद करायचा, हे गाड्या मोजून ठरणार होते. त्यासाठी शिवशरण नावाचा तरुण इंजिनिअर चौकात टेबल मांडून बसला. तिसऱ्या दिवशी तो आनंदाने म्हणाला, “मामा, संध्याकाळच्या दोन तासांत चारशे गाड्या! रस्ता रुंद होणार. म्हशी मात्र हलवाव्या लागतील.”

आकाराम मोठ्याने हसला. “पावणं, ह्या गाड्या कुठं जात्यात, बघितलंसा?”

“कुठं?”

“कुठंच न्हाय. दूध पित्यात आन् माघारी घरला जात्यात. येताना एकदा मोजतासा, जाताना परत मोजतासा. म्हशी हायत म्हणून गाड्या हायत.”

“हे कागदावर कसं लिहू?”

“लिवू नगा. दोन सांजा म्हशी घरात ठेवतो. मग मोजा की.”

घरी त्याची बायको चिमणाबाई भडकली. “अवो, शानं हायसा का? दोन सांजा गिऱ्हाईक पलीकडच्या दूध-कट्ट्यावर गेलं, तर परत येतंय व्हय?”

“जागाच गेली तर गिऱ्हाईक घिऊन काय त्येचा हार करू?” आकाराम म्हणाला. तरी त्या दोन सांजा तो गोठ्यात अस्वस्थ येरझाऱ्या घालत राहिला. म्हशीही ठरल्या वेळी दाराकडे तोंड करून हंबरत होत्या; त्यांना कोणी योजना समजावली नव्हती.

चौकातली गाड्यांची संख्या दीडशेवर आली. लोकांच्या सोयीसाठी आखलेला रस्ता लोक तिथे का थांबतात हे न विचारताच आखला गेला होता. शिवशरणने तसे स्पष्ट लिहून दिले. वरिष्ठांनी विचारले, “म्हशींमुळे वाहतूक अडते असं ऐकलं होतं. म्हशींमुळे वाहतूक होते, हे काय नवीन?” कुरकुरत का होईना, त्यांनी चौकाचे रुंदीकरण वगळले. अंतिम मंजुरीपूर्वी एक फेरमोजणी तेवढी व्हायची होती, आणि या वेळी म्हशी जागेवर असतानाच; आकडा पुन्हा चढला, तर रुंदीकरण परत येणार होते.

फेरमोजणीला शिवशरणऐवजी दुसरा माणूस बसला. पलीकडच्या कट्ट्यावर गेलेली गिऱ्हाइके बहुतेक परतली होती, पण गाड्या मागच्या बोळात लावून सगळे चालत येत होते. ही युक्ती कोणाची, हे आकारामलाही ठाऊक नव्हते. सर्वांत शेवटी शिवशरण आला, घामाघूम.

“काय पावणं, मोटरसायकल इकली का काय?”

“बोळात जागा नव्हती, मामा. पार रंकाळ्याजवळ लावली.”

आकारामने त्याचा पेला काठोकाठ भरला.