बेंगळुरूच्या उपाशी मक्याला चिमूटभर खत

आमची पोरगी तीन वर्षं बेंगळुरूत मक्याची मुळं मोजतेय. नाव पल्लवी, आणि शिकते मुळांवर! म्हटलं, एकदा बघून तरी यावं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एकटी जाणार?" म्हटलं, "एकटी कुठं? दोन पिशव्या आहेत की बरोबर." आमचे हे गेल्यापासून एक बरं झालंय, खिडकीची जागा माझीच.

सांगलीहून संध्याकाळी झोपायची बस धरली की सकाळी बेंगळुरू. बायांनो, वरची जागा घेऊ नका, चढताना साडीची परीक्षा होते. मॅजेस्टिक स्टँडला उतरून जांभळी मेट्रो धरा, थेट के. आर. पुरम. पल्लवीची खोली तिथंच. रिक्षावाल्याला "अण्णा, स्वल्प कमी करा" म्हटलं की तो गोड हसतो, भाडं मात्र तेवढंच घेतो. तिथं उभ्यानं खायची हॉटेलं आहेत. सांबार गुळचट, पण उभ्यानं दोन इडल्या जास्त जातात, हा माझा स्वतःचा शोध.

शनिवारी तिनं कॉलेजातलं काचघर दाखवलं. चपटे, तिरके ठेवलेले सोळा खोके, एका बाजूला काच, त्यावर काळं कापड. कापड उचललं की मातीतली मुळं दिसतात. आठ खोक्यांना पोटभर खत, आठांना स्फुरद, तिच्या भाषेत फॉस्फरस, बंद. उपाशी मका मुळं कुठं धाडतो, ते बघायचं म्हणे. त्या बिचाऱ्यांची पानं जांभळी पडलेली.

"अगं, डीएपी घाल की जरा ह्यांना."

"आई, उपाशीच ठेवायचेत. हात लावू नकोस."

"कसली गं सासू तू!"

ती फोन घ्यायला बाहेर गेली. दारात माळीअण्णांचा गुलाबांसाठी भरलेला डीएपी खताचा मग होता. शेवटच्या खोक्यातला मका अगदीच मान टाकून उभा. चाळीस वर्षांची शेतीची सवय हो हाताला. चिमूटभर दाणे कोपऱ्यात खुपसले, वर माती सारली आणि देवळातून बाहेर पडावं तशी बाहेर आले.

पुढं तीन दिवस मजेत गेले. बुधवारी तिनं इंदिरानगरला कॉफी पाजली. कपाची किंमत ऐकून मी विचारलं, "कप घरी न्यायचा असतो का?" ती हसली आणि मग सहज म्हणाली, "शुक्रवारी मोजणी आहे, आई. गाईड मॅडमना आकडे पटले तरच संशोधनाला पुढचं वर्ष मिळेल."

"आणि एखाद्या खोक्यात चुकून खत पडलं तर?"

"तर आकडे खोटे."

मी कप खाली ठेवला. "पल्लू, शेवटच्याला मी जेवू घातलंय."

कॉफी तशीच टाकून आम्ही रिक्षानं काचघर गाठलं. तिनं कापड उचललं. त्या कोपऱ्यात मुळांची ही गर्दी, लग्नात जिलेबीच्या ताटाभोवती पोरं जमावीत तशी! बाकी माती रिकामी. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी. मी पदर पुढं केला.

तिनं मॅडमना बोलावून घेतलं. त्या कन्नड, माझ्याशी हिंदीत बोलल्या. "अक्का, और कितनों को खिलाया?"

"एकच! आईशप्पथ!"

"सरी," म्हणजे बरं. मग पल्लवीकडं वळल्या. "ये बाहर निकालो. सात बचे, चलेगा. बाद में पता चलता तो कौन-सा खाया, कौन-सा नहीं, कैसे समझते? सब फेंकना पड़ता. रजिस्टर में सच लिखो."

पल्लवीनं इंग्रजीत लिहिलं. मी मराठीत वाचून दाखवायला लावलं: "सोळावा खोका बाद. आईने खत घातले." म्हटलं, चला, विज्ञानाच्या वहीत आपली नोंद झाली. तेव्हा कुठं ती हसली, तेही नाकातूनच.

गावी परतले. उभा जन्म पीक वरूनच बघितलं, आता रानात गेले की पाय जपून टाकते. खाली कोण कुठं चाललंय, कोण उपाशी आहे, काय सांगावं?

पंधरा दिवसांनी पल्लवीचा फोन आला. सात खोक्यांवर आकडे पटले, पुढचं वर्ष पक्कं. "पुढच्या वेळी तुझे हात बांधून आत नेणार."

"ने की. पण माझा सोळावा कसा आहे?"

"खोलीवर आणलाय. हिरवागार झालाय." आणि मग हळूच, "आता मोजायचा नाही ना, म्हणून मी पण घालते चिमूटभर."