पंक्चर न होण्याच्या अटीवर: छावणी ते पिशोर

सायकल पिशोरला पाठवायचीच होती तर टेम्पोत टाकता आली असती. मी ती चालवत नेली, कारण काकांनी अट घातली होती.

प्रज्ञा माझी मावसबहीण, आणि काका तिचे वडील. अकरावी सायन्सला आहे. पिशोरच्या पुढे शेतातल्या वस्तीवर राहते आणि गावातल्या कॉलेजला सायकलने जाते. सहा किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता कच्चा. तिच्या जुन्या सायकलचं पंक्चर ठरलेलंच. दोन प्रॅक्टिकल बुडली, आणि एकदा दिवस मावळल्यावर ती एकटी सायकल ढकलत येताना काकांना सापडली. त्यानंतर काकांनी ठरवलं, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, घरी राहून बारावी द्यायची. सतरा नंबरला सायन्स घेता येत नाही. प्रज्ञाने मला फोन केला. रडली वगैरे नाही. एवढंच विचारलं, "ताई, पंक्चर न होणारी सायकल असते का?"

मी शहरातल्या छावणी भागात राहते आणि वाळूजला रबराचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी बघते. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर "नाही" असं आहे. मी म्हणाले, माझी घे.

मग काकांनी फोन घेतला. "तुझी सायकल भारी आसंल. पण छावणीतून इथवर पंक्चर न होता आणून दाखव. मग धाडतो तिला."

कामावर अशी अट कुणी लिहून आणली असती तर मी सही केली नसती. शून्य दोष ही भिंतीवरच्या पाटीची भाषा आहे. पण तो आठवडा रात्रपाळीचा होता आणि वाद घालायला लागणारी ताकद माझ्यात नव्हती. मी "बरं" म्हणाले.

तयारीचं सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण तेवढ्यासाठीच आले असतील. मागचा टायर गुळगुळीत झाला होता, तो बदलला. दोन्ही चाकांत टायर आणि ट्यूबच्या मधे बसणारी जाड पट्टी टाकली. ट्यूबमध्ये सीलंट भरलं; बारीक भोक पडलं की हा द्रव तिथे जाऊन घट्ट होतो. रिमच्या आतली पट्टी सरकली होती, तीही बदलली, कारण काही पंक्चर चाकाच्या आऱ्यांच्या टोकांमुळे आतून होतात आणि आपण रस्त्याला शिव्या देत बसतो. हवा टायरवर छापलेल्या मर्यादेत, मोजून. कमी हवेचा टायर काटा जास्त वेळ धरून ठेवतो. पट्टीची एक मर्यादा आहे: ती तळाला वाचवते, बाजूंना नाही. ही गोष्ट मला माहीत होती.

शनिवारी उजाडताना निघाले. दिल्ली गेट, हर्सूल, मग चौक्याचा घाट. घाट मोठा नाही, पण रात्रपाळीनंतरच्या पायांना तो मोठा वाटतो. पुढे रस्ता सिमेंटचा आणि रुंद आहे. सायकलवाल्याला कडेने जावं लागतं, आणि कडेलाच फुटलेल्या ट्रकटायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात. या तारा डोळ्यांना दिसत नाहीत. मी दर थांब्यावर हातमोजा घालून दोन्ही टायर पुसून घेत होते. काटा टायरमध्ये शिरला की लगेच ट्यूबपर्यंत जात नाही, चाकाच्या प्रत्येक फेरीला थोडा थोडा आत जातो. तो त्याआधी काढायचा.

फुलंब्रीला चहा घेतला. चहावाला मला टायर पुसताना बघत होता.

"कुठून आलात मॅडम?"

"छावणीतून."

"गाडी बंद पडली का?"

"नाही. सायकलवरच निघाले."

"पेट्रोलचा भाव लई मनावर घेतलाय तुम्ही," तो म्हणाला, आणि बाकड्यावरचे दोघे हसले. मीही हसले असेन. पुढचा प्रश्न "एकट्याच?" हा होता. तो वाटेत सगळीकडे आला. दुपारनंतर मी नुसती मान हलवायला लागले.

आळंदनंतर वारा समोरून होता आणि तो सिल्लोडपर्यंत सुटला नाही. या भागाबद्दल लोक डोंगर आणि लेणी लिहितात. मी त्या दिवशी पांढरी रेघ आणि पुढच्या चाकासमोरचा हातभर रस्ता बघितला. दुसरं काही बघितल्याचं आठवत नाही.

सिल्लोडला पंक्चरच्या दुकानात थांबले. दुकानदार चाचांनी सायकल आडवी करायला हात पुढे केला.

"बाजी, पंक्चर किधर है?"

"पंक्चर नाहीये. हवा बघायची आहे."

"पंक्चर नै तो मेरे पास क्यूं आए? धंदा खराब करने?" त्यांनी पाइप माझ्या हातात दिला. "भरो, भरो. आपके जैसे दो गिराक रोज आए तो मैं गांव को चला जाऊंगा." हवेचे पैसे घेतले नाहीत.

लॉजची खोली आठशेला मिळाली. आधारकार्ड बघून मॅनेजरने विचारलं, "सोबत कोण आहे?" मी सायकलकडे बोट दाखवलं. तो सायकलकडे बघून म्हणाला, "तिला वर न्या. खाली कुणी हवा सोडतं." त्यामुळे सायकल माझ्या खोलीत झोपली. मी तिच्याइतकी शांत झोपले नाही. झोपेतसुद्धा हवा जाण्याचा आवाज ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी रस्ता अरुंद, पण रहदारी कमी. एका बाजूला मका वाळत घातलेला, आणि रस्त्याकडेच्या काटेरी झुडपांवर ट्रॉल्यांमधून उडालेला कापूस अडकलेला. मी थोडा काढून खिशात टाकला. पुसताना एक तार आणि दोन सराट्याचे काटे निघाले, तिन्ही वरच्यावर. पिशोरच्या स्टँडवर पोहोचले तेव्हा दोन्ही चाकं टणक होती. गुडघा मात्र वाकत नव्हता.

प्रज्ञा तिची जुनी सायकल घेऊन उभी होती. "जयभीम ताई. झालं नाय ना?"

"नाही."

तिने खाली बसून दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघितले. मग आपल्या जुन्या सायकलवर बसली आणि माझ्या पुढे निघाली.

वस्ती दिसायला लागली, बांधावर उभे असलेले काकाही दिसले. तेवढ्यात समोरून बैलगाडी आली. तिला वाट द्यायला मी कडेच्या मऊ फुफाट्यात उतरले, टायर रुतला, आणि रात्रभर कानात होता तो आवाज आला. काटा बाजूने शिरला होता. बोटाएवढा, बाभळीचा, बुडाशी अजून ओला.

काका चालत आले. हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

"झालं का?"

"झालं."

धुळीत फांद्या ओढत नेल्याचे पट्टे होते. ते वळणावरून निघून सरळ काकांच्या हरभऱ्याच्या कुंपणाला जात होते. मला ते दिसले. मी पाहुणी होते, नुसता काटा उपसून हातात घेतला.

प्रज्ञाने काटा माझ्या हातातून घेतला. "पप्पा, ह्यो आपलाच काटा हाय."

"बाभळीवर नाव लिवलेलं आसतं व्हय?"

"काल तुम्हीच फांद्या वढत आणल्या. मागल्या महिन्यातबी आणल्या."

"मंग कुंपण नको घालू? रोही एका राती हरभरा साफ करत्यात."

"घाला की. नाल्याच्या अंगानं आणा."

"तिकडून लई लांब पडतं."

"मलाबी कॉलेज लांबच पडतं, पप्पा."

काकांनी माझी सायकल उचलून दाराशी आणली. दारातून मावशीचा आवाज आला, "बापलेक मागून भांडा. तिला आधी पाणी तरी द्या कुणी."

पंक्चर प्रज्ञानेच काढलं, मी शेजारी बसून सांगत होते. ट्यूबवर ठिगळ बसलं तशी ती टायर चढवायला निघाली. मी थांबवलं आणि खिशातला कापूस दिला. टायरच्या आतून कापूस फिरवायचा. टोक राहिलं असेल तर कापूस तिथे अडकतो, बोटाला जखम होत नाही. तो अडकला. काट्याचं दुसरं टोक आत मोडून राहिलं होतं. तसंच चढवलं असतं तर सकाळी पुन्हा पंक्चर. प्रज्ञाने मग स्वतःची जुनी सायकल उलटी केली आणि तिच्या टायरांतून कापूस फिरवला. त्यात चार ठिकाणी अडकला. नवी पंक्चर समजून ती आतापर्यंत जुनेच काटे भोगत होती.

जेवताना काका म्हणाले, "आपलं ठरलं काय होतं?"

"पंक्चर न होता आणायची. मी हरले." भाकरी मोडायलाही हात उचलत नव्हता. "पण काका, या अटीवर तुमची मोटारसायकलही पास होणार नाही."

"तिला झालं तर मी काढून आणतो."

"आता हिलापण काढता येतं."

त्यांनी वरण मागितलं. तो विषय तिथेच राहिला, आणि सकाळी सायकल तिथेच ठेवून, उत्तर न घेताच मी एसटीने परत निघाले. तिकीट अर्ध्या भाड्यात, खिडकीची जागा. फुलंब्री केव्हा गेली कळलं नाही.

घरी आल्यावर बरेच दिवस जिन्याखालची मोकळी जागा खटकत राहिली. तयारीबद्दल विचाराल तर मी पुन्हा हेच सगळं करेन: पट्टी, हवा, पुसणं, कापूस. या सगळ्यांनी सिल्लोडचा रस्ता निभावला. शेवटचा काटा कुठल्याही पट्टीने अडला नसता. त्याचा उपाय टायरमध्ये नव्हताच.

दोन आठवड्यांनी प्रज्ञाचा फोन आला. मागे कॉलेजची घंटा ऐकू येत होती.

"पंक्चर?" मी विचारलं.

"झालं ना सकाळीच. नाल्याच्या वाटेनं निम्म्याच फांद्या आणल्या पप्पांनी. कंटाळले म्हणे."

"मग?"

"मग काय, काढलं. पप्पांनी चाक धरलं, मी कापूस फिरवला. ताई, प्रॅक्टिकलला उशीर झाला थोडा." घंटा थांबली. "ठेवते, सर आले."