मूठभर वाळा

कूलरच्या नव्या वाळ्यावर पहिलं पाणी पडलं की आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरात जो वास सुटतो, त्या वासानं मला थेट कोकणातला एक रस्ता आठवतो.

मुक्ता, आमची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची होती. ती स्वमग्न आहे, मोजकंच बोलते. समुद्राच्या कडेकडेनं गाडी चालली होती. एका वळणावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मासळी वाळत घातलेली. तो वास आत आला आणि मुक्ता किंचाळत काचेवर डोकं आपटायला लागली. यांनी गाडी थांबवली.

"माघारी फिरू. लोकं बघायलेत," हे म्हणाले.

"बघू द्या," मी म्हटलं खरं, पण मलाही रडू फुटत होतं.

तेवढ्यात मुक्तानं आपली पिशवी ओढली आणि आतून मूठभर वाळा काढला. निघायच्या आदल्या दिवशी कूलरचा वाळा उपटला म्हणून मी तिला चांगलीच रागावले होते, तोच हा. तिनं त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं, मूठ नाकाशी धरली, डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "चला."

तेव्हा वाटलं, देवानंच वाचवलं. खरं तर त्या प्रवासाची नीट तयारी आमच्यात फक्त तिनंच केली होती.

आज सकाळी कूलरच्या नव्याकोऱ्या वाळ्याला मूठभर भगदाड दिसलं. मी यांना हाक मारली, "अहो, गाडीत पेट्रोल आहे का बघा. मुक्ताला कुठंतरी जायचंय."