पाच कॅप्सूल दुधात गेल्या

कापूस निघाल्यावर पऱ्हाटी कापतात, तेव्हा शेतात टोकदार खुंट राहतात. असाच एक माझ्या पोटरीत घुसला. मी जखम धुतली आणि विसरलो. तिसऱ्या दिवशी पाय लाल, गरम आणि टणक. म्हसावदच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, कॅप्सूल लिहून दिल्या आणि पेनाने लालीभोवती रेघ ओढली. "लाली रेघेबाहेर गेली तर लगेच या. दाखल करावं लागेल."

मंगळवार सकाळपासून मी साडेआठच्या ठोक्याला कॅप्सूल घेऊ लागलो, सकाळी आणि रात्री. रोज सकाळी लेकीच्या कंपासपेटीतल्या पट्टीने लाली मोजायची. मंगळवारी तेरा सेंटिमीटर. बुधवारी तेरा. गुरुवारी चहाआधीच मोजलं, तर लाली रेघेबाहेर आठ मिलिमीटर. पट्टी चुकली असेल म्हणून दुसरी घेतली. तिनेही आठच सांगितले.

डॉक्टरांनी विचारलं, "एखादी चुकवली?"

"एकही नाही. मिनिटाचा फरक नाही."

"कशासोबत घेता?"

"दुधासोबत. घरच्या म्हशीचं आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पाण्यासोबत म्हणालो होतो ना?"

म्हणाले होते. पण आमच्या घरात आजाऱ्याला नुसतं पाणी देणं म्हणजे हात आखडता घेणं. माय, म्हणजे माझी आई, प्रत्येक गोळीवर पेलाभर कोमट दूध द्यायची. "गोयी गरम पडस, दूधसंगे ले," असं तिचं ठाम मत. पाणी चालत असेल तर दूध त्याहून चांगलंच, असं मीही धरून चाललो.

डॉक्टरांनी समजावलं, की सगळ्या औषधांचं असं नाही, पण या कॅप्सूलला दुधातलं कॅल्शियम चिकटतं आणि औषध अंगात कमी जातं. दूध, दही घ्यायचं तर दोन तास आगेमागे. कॅप्सूल पेलाभर पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

मी मनात बेरीज केली. "पाच दुधात गेल्या. भरून काढायला पुढच्या पाच वेळा दोन-दोन घेऊ?"

ते मोठ्याने हसले. "अहो, हा उसाचा थकलेला हप्ता नाही! एका वेळी एकच. आज रात्रीपासून नव्याने सात दिवस. पाय बरा दिसला तरी सात. ताप आला किंवा उद्या लाली आणखी पसरली, तर मात्र थेट दाखल."

घरी येऊन हे मायला सांगणं जास्त अवघड होतं.

"तुले लहानपणपासून दूधच पाजं मी. आते तेच वाईट झायं?"

"वाईट नाही, माय. दोन तासांनी दे."

"त्या डॉक्टरनी मन्ही म्हैसनं दूध चाखेल शे का?"

त्या रात्री साडेआठला तिने पाण्याचा पेला माझ्यासमोर आपटला आणि समोरच्या खाटेवर पहारा देत बसली. मी जरा मागे टेकलो की, "बस ना सरळ! अर्धा तास झाया का?" साडेदहाला दूध आलं, सायीसकट.

शुक्रवारी लाली रेघेच्या आत आली. शनिवारी अकरा, रविवारी साडेआठ. सोमवारी दुखणं थांबलं. मायने लगेच काथ्या आणि साबण आणला. रोज अंघोळीनंतर मी ती रेघ पुन्हा गिरवायचो, ते तिला खपत नव्हतं. "बरा झाया. पूस आते ती रेघ."

"गुरुवारी सकाळी चौदावी कॅप्सूल. तोवर नाही."

"मोजत बैस!"

गुरुवारी चौदावी घेतली. पाकीट रिकामं झाल्याचं तिला दाखवलं, तिने ते उजेडाला धरून खात्री केली. मग अर्धा तास मी सरळ बसलेला असतानाच तिने पाय पुढे ओढला आणि काथ्याने असा घासला, की पोटरी पुन्हा लाल झाली.

मी पट्टी मागितली. तिने दिली नाही.