रकान्यात लिहिलं 'गावठी'

मॅडमनी टेप लावून तेल्या घोड्याची खांद्यापर्यंतची उंची मोजली, छातीचा घेर मोजला, चारही खुरं उचलून पाहिली. प्रत्येक मापानंतर आनंदानं त्यांचा आवाज चढत होता. मग त्या मागच्या पायांपाशी वाकल्या, आणि वाकल्या तशाच थोडा वेळ राहिल्या. उठल्या तेव्हा चेहरा पार उतरलेला होता.

"याला कापलंय," त्या म्हणाल्या. "कोणी कापलं?"

हिरासिंग नायक बाजेवर बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "साह्यबालेच इचारा," म्हणाला.

मी जनावरांचा डॉक्टर. अख्खी नोकरी यवतमाळ जिल्ह्यात काढली. आर्णी, पांढरकवडा, झरी, फिरून पुन्हा आर्णी. ही गोष्ट रिटायरमेंटच्या आधीच्या हिवाळ्यातली. कापणं म्हणजे नर घोड्याचे अंडकोष ऑपरेशननं काढणं. आम्ही त्याला खच्चीकरण म्हणतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं. त्यानंतर घोडा शांत होतो, वजन वाहतो, खातो-पितो, पंचवीस वर्षं जगतो. फक्त त्याच्या पुढे कोणी जन्माला येत नाही.

"मी कापलं," मी मॅडमना सांगितलं. दुसरं काय सांगणार होतो?

मॅडमचं नाव केतकी. पुण्याकडून आलेल्या संशोधक, वय पस्तिशीचं, घोड्यांवर जीव. भीमथडी नावाच्या घोड्याचा शोध घेत त्या फिरत होत्या. भीमेच्या काठचा म्हणून भीमथडी, कोणी दख्खनी टट्टू म्हणतात. डोंगरातल्या देशी तट्टांत अरबी-तुर्की रक्त मिसळून ही जात तयार झाली असं जाणकार सांगतात. मराठी फौजा याच्याच पाठीवर दौडल्या. पुढे फौजा गेल्या, मोटारी आल्या, आणि हा घोडा संपला असंच सगळे धरून चालले. तिकडे मेंढपाळांनी तो बिऱ्हाड वाहायला सांभाळला म्हणून वाचला. अलीकडे त्याला जात म्हणून मान्यता मिळाली. आता विदर्भात त्याचं रक्त कुठे शिल्लक आहे का, हे मॅडमना बघायचं होतं. हिरासिंगच्या तांड्यावरचे, म्हणजे आर्णीजवळच्या त्या बंजारा वस्तीतले घोडे भीमथडीच का, हे मी आजही छातीठोक सांगणार नाही. पण तेल्या ज्यानं पाहिला त्याला शंका राहिली नसती.

उंची माझ्या छातीला लागेल इतकीच. मान आखूड, छाती भरदार, पाय बारीक पण लोखंडी. आयुष्यात कधी नाल मारला नाही, तरी खुराला चीर नाही. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, खाऊन राहतो, कडबा मिळाला तर चैन. उन्हाळ्यात पाण्याच्या एका पाळीवर दिवस काढतो. हिरासिंगचे आजे-पणजे लदेणीवाले, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरणारे. बैलांच्या पुढे नायकाचा, म्हणजे तांड्याच्या मुखियाचा घोडा असायचा. बैल गेले, लदेणी गेली, हातात कापूस-तूर आली. घोडा मात्र नायकाच्या दारात राहिला.

त्या घराची एक रीत होती. नायकाच्या दारचा नर घोडा विकायचा नाही, कापायचा नाही. कोणी आपली घोडी दाखवायला, म्हणजे फळवायला आणली तर नारळ आणि गूळ घ्यायचा, दुसरं काही नाही. नर जास्त झाला तर फक्त लेकीबरोबर सासरी धाडायचा. ही रीत मला त्या हिवाळ्यात कळली. वीस वर्षांपूर्वी खच्चीकरणाचा कॅम्प घेतला तेव्हा मी कोणाला विचारलंच नव्हतं.

तेव्हा मी आर्णीत नवा होतो आणि भारी हुशार होतो. जनावरांची नोंद करताना 'जात' असा एक रकाना असायचा. यादीतल्या जातीत बसत नसेल त्या जनावरापुढे लिहायचं 'गावठी'. गावठी नर कापायचे, बाहेरून उंचपुरा नर आणायचा आणि पुढची पिढी सुधारायची, अशी ती स्कीम. बैलांसाठी होती खरं तर. मी उत्साहात घोड्यांनाही लावली. तांड्यावर पाच नर होते. पाचही एका दिवसात कापले. हिरासिंग तेव्हा हात जोडून काहीतरी सांगत होता. मी त्याला म्हणालो, "नायक, हे गावठी रक्त बंद केल्याशिवाय तुमची सुधारणा नाही." बाहेरचा पांढरा उंच घोडा आला, दोन पावसाळे राहिला. त्याच्या शिंगरांची खुरं आमच्या दगडांवर फाटली, कुटार त्यांना पचेना. मग तो घोडाही गेला आणि स्कीमही गेली. तेल्या तेवढा उरला, माझ्यासमोर उभा राहायला.

हे सगळं मी मॅडमना सांगून टाकलं. त्या वहीत लिहीत राहिल्या, आणि ते लिहिणं मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

तांड्यावर तीन घोड्या होत्या, तिन्ही या बांध्याच्या. पण नर नसेल तर त्या घोड्यांचा उपयोग काय? मॅडम म्हणाल्या, एक नर मिळाला तर हे रक्त पुढे नेता येईल, नाही तर ही शेवटची नोंद. एवढ्यात हिरासिंगची बायको जमनीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. वय सत्तरीचं, हातभर गोंदण. तिनं तांब्या मॅडमना दिला, मला दिला नाही.

"पाच न्हाई, सहा होते," ती म्हणाली. "एक शिंगरू म्या नाल्यात नेऊन लपवलतं. दिवसभर बसली तेच्यापाशी, खिंकाळू नये म्हून तेच्या तोंडाले फडकं बांधून."

वीस वर्षं माझ्या रजिस्टरात 'नर पाच, खच्चीकरण पाच, शंभर टक्के' लिहिलेलं होतं आणि त्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती. ते शिंगरू वाढलं, त्याच्यापासूनच या तिन्ही घोड्या झाल्या. ते पुढे साप चावून मेलं. पण त्याचा एक नर होता, भुऱ्या. सहा वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी लेक शांतीचं लग्न झालं तेव्हा रीतीप्रमाणे तो तिच्याबरोबर गेला होता, मुकुटबनकडे.

मॅडमनी जमनीबाईचे हात धरले. मीही, खरं सांगतो, आतून सुटल्यासारखा झालो. माझ्या हातून जे झालं ते एका बाईनं शिंगराचं तोंड फडक्यानं बांधून वाचवलं होतं. मी तिथूनच आमच्या खात्याच्या जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "नर असेल तर आजच बघून या, मॅडम उद्या जाणार आहेत. आपल्या जिल्ह्याचं नाव होईल." साहेबांना जिल्ह्याचं नाव फार प्रिय.

आम्ही लगेच निघालो. हिरासिंग पुढच्या सीटवर बसला, धुतलेलं धोतर नेसून. लेकीकडे जायचं म्हणून जमनीबाईनं गुळाचा खडा बांधून दिला होता. लेकीला की घोड्याला, ते मी विचारलं नाही. पांढरकवड्याला चहा घेतला. केळापूर मागे पडल्यावर हिरासिंग पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलला. भुऱ्या चालीला कसा आहे, अंधारातही वाट कसा चुकत नाही, ते सांगत होता. वीस वर्षांत त्या माणसानं मला एवढं कधी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, नायक, भुऱ्याला आर्णीला परत आणू, घोड्या दाखवू. तो म्हणाला, "आनू की."

मुकुटबनच्या अलीकडे शांतीचं घर. भुऱ्या अंगणात लिंबाला बांधलेला. दुरून पाहूनच मॅडम म्हणाल्या, "हुबेहूब तेल्या." त्या पळत पुढे गेल्या. मी गेलो नाही. माझी नजर त्याच्या उभं राहण्यावर होती. इतक्या घोड्यांत वावरल्यावर दुरूनही कळतं. मान खाली, अनोळखी माणसं आली तरी कान टवकारलेले नाहीत, फुरफुर नाही.

जावई बाहेर आला. चांगला पोरगा. सासऱ्याच्या पाया पडला, आम्हाला खुर्च्या टाकल्या. म्हणाला, "लय मस्ती करे जी हा. दिवाळीच्या आंधी कॅम्प आलता तं डाक्टरीनबाईनं फुकट करून देल्लं. आता एकदम गरीब झाला."

"शांती कुठी होती?" हिरासिंगनं विचारलं.

"वावरात गेलती, कापूस येचाले."

शांती दारात उभी होती. पदर तोंडाशी धरून बापाकडे पाहत होती.

मॅडमनी मला इंग्रजीत विचारलं, काहीच शक्यता नाही का? कापल्यावर काही आठवडे आत उरलेल्या बीजामुळे थोडी आशा असते. इथे चार महिने झाले होते. आणि तो इथे आल्यापासून तीन वर्षांत आसपास एकही घोडी नव्हती. मी नकारार्थी मान हलवली.

जावयानं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. सरकारी कागद, जपून ठेवलेला. खच्चीकरणाच्या प्रमाणपत्राला मार्गदर्शक सूचना जोडलेल्या होत्या, झेरॉक्सची झेरॉक्स. मी वाचायला लागलो. 'सदर नर कोणत्याही मान्य जातीचा नसल्याने त्याचे खच्चीकरण करावे. मालक विरोध करतात, कारण त्यांस पशुसुधारणेचे महत्त्व कळत नाही. त्यांस समजावून सांगावे.'

हे माझं वाक्य होतं. शब्द न् शब्द. वीस वर्षांपूर्वी आर्णीच्या कॅम्पची टिपणी मी मोठ्या झोकात लिहिली होती. वरच्यांना आवडली, आणि तिचा फॉरमॅट झाला. सरकारी कामात एकदा फॉरमॅट झाला की कोणी तो वाचत नाही, फक्त वापरतात. स्कीम केव्हाच मेली होती. टिपणी जिवंत होती. कॅम्पच्या त्या नव्या डॉक्टर पोरीनं जावयाला समजावून सांगितलं, सूचनेत लिहिलंय तसं. तिला मी काय दोष देऊ?

मी हिरासिंगला कागद वाचून दाखवला आणि तो कोणी लिहिला तेही सांगितलं. नसतं सांगितलं तरी चाललं असतं. पण आता लपवायला काही उरलं नव्हतं.

त्यानं गुळाचा खडा काढला, भुऱ्याला चारला. त्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला, "तुमी म्हनलं होतं, गावठी रक्त बंद करा. झालं साह्यब बंद."

मॅडमच्या अहवालात आमच्या जिल्ह्यापुढे लिहिलं आहे: मादी तीन, प्रजननक्षम नर निरंक. निरंक म्हणजे काही नाही. ऑफिसात जाऊन मी म्हणालो, तो फॉरमॅट आधी रद्द करा. क्लार्क म्हणाला, सर, नवीन आल्याशिवाय जुना रद्द होत नाही. मग मी नवीन लिहिला. पहिली सूचना अशी घातली, की मालक विरोध करत असेल तर हत्यार खाली ठेवून आधी त्याचं ऐकावं. त्यावर अजून सही झालेली नाही, आणि मी रिटायर झालो.

रिटायरमेंटनंतर एकदा तांड्यावर गेलो. जमनीबाईला तोंड दाखवायचं राहिलं होतं. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. मी म्हणालो, याडी, चूक माझी आहे. ती तेल्याला कुटार टाकत होती. टोपली रिकामी करून, हात झटकून ती म्हणाली, "तुमची काय चूक जी. चूक माही. पोरीले घोडं देल्लं, पन डाक्टर आला का लपवत जा म्हून सांगतलंच न्हाई."